शिफ्ट बदलताना व्हीडीआय लॉगिनला ४ मिनिटं: ॲरेत रीड कॅश वाढवून फरक पडेल का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मांडणी आधीच सगळी देतो, म्हणजे उलटतपासणीत वेळ जायला नको.

व्हीडीआय, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आभासी डेस्कटॉप: होरायझन (ते चालवणारं सॉफ्टवेअर), इन्स्टंट क्लोन (एकाच मूळ इमेजच्या झटपट प्रती), फ्लोटिंग पूल (ठरावीक डेस्कटॉप कुणाचाच नाही) २०० चा, एका वेळी १८० माणसं. विंडोज ११, प्रत्येकी २ व्हीसीपीयू, ४ जीबी रॅम. माणूस लॉगऑफ झाला की क्लोन मोडतो आणि नवा तयार होतो. ५ ईएसएक्सआय होस्ट (व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं, चालवणारे सर्व्हर), प्रत्येकी ३८४ जीबी रॅम. स्टोरेज म्हणजे एकच हायब्रीड ॲरे (फिरत्या डिस्क आणि एसएसडी असलेली सामायिक साठवण पेटी), १० गीगाबिट आयस्कझीवर (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत): १०,००० आरपीएमच्या २२ एसएएस डिस्क, रेड ६ चे ९+२ असे दोन गट (९ डिस्कइतका डेटा, २ डिस्कइतकी पॅरिटी, म्हणजे डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची जादा माहिती), रीड कॅशला (वारंवार वाचला जाणारा डेटा हाताशी ठेवायला) २ एसएसडी. प्रोफाइल (माणसाची सेटिंग आणि फाइली) एफएसलॉजिक्सच्या कंटेनरमध्ये, म्हणजे माणशी एक आभासी डिस्क-फाइल. ते कंटेनर विंडोज फाइल सर्व्हरवर, आणि तो फाइल सर्व्हरसुद्धा व्हीएम म्हणून याच ॲरेवर.

पाळ्या ७ ते ३ आणि ३ ते ११. सकाळी ७ ला लॉगिन दीड-दोन मिनिटांत होतं. दुपारी ३ ला तेच ४ मिनिटांवर जातं, आणि जे आधीच आत आहेत त्यांचं आउटलुक पांढरं पडतं. साडेतीनला आपोआप निवळतं. होस्टचा सीपीयू ६० टक्क्यांवर जात नाही, आयस्कझीचं नेटवर्क १ गीगाबिटही भरत नाही.

पुरवठादाराचा सल्ला: रीड कॅशसाठी आणखी ४ एसएसडी. डेटाशीटवर ॲरे ४०,००० आयऑप्सचा (सेकंदाला इतकी वाचनं-लेखनं) आहे. प्रस्ताव पुढच्या आठवड्यात जायचा आहे. घालाव्यात का?

रॅकवाले_नाना

नको. निदान हिशोब केल्याशिवाय तरी नको.

डेटाशीटवरचे ४०,००० हे बहुधा ४ केबीच्या निव्वळ वाचनाचे, आणि तेही कॅशमधून. व्हीडीआयचं गणित उलटं असतं. बूट होऊन गेलं की डेस्कटॉप वाचतो कमी आणि लिहितो जास्त. ८० टक्के लेखन धरून चालायचं. आता तुमच्या डिस्क घ्या. १० के एसएएस एका डिस्कला साधारण १४० देते. २२ गुणिले १४० म्हणजे ३,०८०. रेड ६ मध्ये एका छोट्या रँडम लेखनामागे डिस्कवर ६ ऑपरेशन होतात: जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी वाचायच्या, मग तिन्ही परत लिहायच्या. म्हणून १०० आयओ आले, त्यात २० वाचन आणि ८० लेखन, की डिस्कवर २० अधिक ४८० मिळून ५०० पडतात. ३,०८० भागिले ५ बरोबर ६१६.

म्हणजे फिरत्या डिस्कच्या जिवावर तुमचा ॲरे ६१६ आयऑप्सचा आहे. माणशी साडेतीनही येत नाहीत.

मग दिवसभर चालतं कसं? कंट्रोलरच्या बॅटरीवाल्या राइट कॅशमुळे. लेखन आधी तिथे जमा होतं, शेजारशेजारचे ब्लॉक एकत्र होऊन खाली उतरतात, पूर्ण स्ट्राइप (गटातल्या सगळ्या डिस्कवरची एक ओळ) जुळली तर जुनं वाचावंही लागत नाही. पण ही कॅश टाकीसारखी आहे: वरचा नळ खालच्यापेक्षा मोठा राहिला की भरते, आणि भरली की प्रत्येक लेखनाला डिस्कच्या गतीने थांबावं लागतं. तुमच्या ३ वाजता हेच होत असणार. रीड कॅशचा या नळाशी संबंध नाही.

लॉगिन इतकं का ताणतं तेही बघा. प्रोफाइल कंटेनरसाठी मायक्रोसॉफ्टचा ढोबळ आकडा माणशी १० आयऑप्स, आणि लॉगिन-लॉगऑफच्या वेळी ५०. अर्ध्या तासात १८० लॉगिन म्हणजे मिनिटाला ६. लॉगिन मिनिटात आटोपलं तर एका वेळी ६ जण दारात. त्यालाच ४ मिनिटं लागायला लागली की २४. तुमच्याकडे त्याच दारातून १८० जण बाहेरही पडतायत, आणि प्रत्येकामागे एक क्लोन मोडून नवा बनतोय. सकाळी ७ ला फक्त येणारे असतात, म्हणून तेव्हा निभावतं.

केबलकटकट

नानांचं गणित बरोबर, पण खर्च न करता दोन गोष्टी आधी करून बघा. रेड ६ ऐवजी रेड १०, आणि आयस्कझीवर जंबो फ्रेम. ९००० बाइटचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) लावला की फरक पडतो.

रॅकवाले_नाना

रेड १० चा दंड २ चा (एका लेखनामागे डिस्कवर २ ऑपरेशन), म्हणजे ३,०८० भागिले १.८, साधारण १,७१०. पावणेतीनपट झाले, मान्य. पण वापरायची जागा १८ डिस्कवरून ११ वर येते आणि सगळा डेटा बाहेर काढून परत आत घालावा लागतो. तेवढा उपद्व्याप करायचा तर दुसरे मार्ग आहेत.

जंबोचं म्हणाल तर ४ ते १६ केबीच्या आयओला तिथून फार मिळत नाही, आणि इथे लिंक १ गीगाबिटही भरत नाहीये. उलट वाटेतल्या एका स्विचवर एमटीयू १५०० राहिला तर मोठे पॅकेट गळतात आणि पाथ वरखाली होत राहतात. लावायचाच तर व्हीएमकेपिंगने (होस्टच्या पिंग कमांडने) ८,९७२ बाइटचं पॅकेट, तुकडे करायला मनाई करून, प्रत्येक होस्टवरून ॲरेच्या प्रत्येक पोर्टला पाठवा. सगळीकडून उत्तर आलं तरच हात लावा.

पर्फमॉन

हिशोब हा अंदाज. उशीर नक्की कुठे होतोय ते तासाभरात कळतं, म्हणून खरेदीआधी मोजाच.

होस्टवर एसएसएच करून ईएसएक्सटॉप (होस्टचे चालू आकडे दाखवणारी कमांड) चालवा आणि यू दाबा. प्रत्येक ल्यूनसमोर (ॲरेने होस्टला दिलेली डिस्क) हे रकाने बघा:

डीएव्हीजी, म्हणजे कमांड होस्टमधून निघून ॲरेकडून परत येईपर्यंतचा वेळ. १० मिलिसेकंदांच्या आत ठीक, सतत २० च्या वर गेला की माणसांना जाणवायला लागतं.
केएव्हीजी, म्हणजे हायपरवायझरच्या (ईएसएक्सआयच्या) आत गेलेला वेळ. हा जवळपास शून्य हवा. २ च्या वर गेला तर होस्टची रांग तुंबलीय; क्यूयूईडी या रकान्यात आकडा दिसेल.
जीएव्हीजी या दोन्हींची बेरीज.

समोर बसून बघू नका, बॅच मोडमध्ये दर ५ सेकंदांनी ७२० नोंदी घ्या. बरोबर एक तास होतो. २:४५ ला सुरू करा, पाचही होस्टवर एकदम. सकाळी ११ चा एक तासही घ्या, तुलनेला काहीतरी शांत लागतं.

मग फाइल सर्व्हरच्या आत, विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये, ॲव्हरेज डिस्क सेकंद पर राइट. ०.०२० म्हणजे २० मिलिसेकंद. हा आकडा होस्टवरच्या जीएव्हीजीपेक्षा बराच मोठा आला तर रांग ॲरेत नाही, गेस्टच्या (व्हीएममधल्या विंडोजच्या) स्वतःच्या कंट्रोलरवर आहे. होस्टवरून ती दिसतच नाही, म्हणून ती हमखास निसटते.

तिसरं, एखाद्या डेस्कटॉपमध्ये लॉगिननंतर दहा मिनिटं मेमरीचे पेजेस आउटपुट पर सेकंद आणि अव्हेलेबल एमबाइट्स. ४ जीबीत विंडोज ११, आउटलुक, टीम्स आणि ब्राउझर म्हणजे कोंबाकोंबी. पेजफाइलवर (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) जाणारं लेखन ॲरेच्या खात्यात दिसतं, दुखणं मात्र रॅमचं असतं. आणि ईएसएक्सटॉपमध्ये एम दाबून एसडब्ल्यूसीयूआर (होस्टने डिस्कवर ढकललेली मेमरी) शून्य आहे ना, तेही बघून घ्या.

रात्रपाळी

मोजलं. पाचही होस्टची बेरीज (सेकंदाला किती लेखन-वाचन), डीएव्हीजी सरासरी, मिलिसेकंदांत:

सकाळी ११: लेखन ५२०, वाचन ९०, डीएव्हीजी ६.
दुपारी ३:०५ ते ३:२५: लेखन १,२५०, वाचन २१०, डीएव्हीजी ४१, केएव्हीजी ०.६.

फाइल सर्व्हरच्या आत त्याच वेळी राइट ०.१२० सेकंद. त्याला एलएसआय लॉजिक एसएएस कंट्रोलर आहे आणि प्रोफाइलची डिस्क एकच, ६ टीबीची. डेस्कटॉपमध्ये अव्हेलेबल मेमरी ३०० एमबीच्या आसपास, पेजेस आउटपुट ३५० पर्यंत उसळतंय. होस्टवर स्वॅप शून्य.

पर्फमॉन

छान, आता तर्काला जागा उरली नाही.

११ वाजताचे ५२० लेखन गुणिले ६, अधिक ९०, म्हणजे डिस्कवर ३,२००. नानांच्या हिशोबाने डिस्कची मर्यादा ३,०८०. म्हणजे शांत वेळीसुद्धा ॲरे काठोकाठ आहे, राइट कॅश जुळवून घेतेय एवढंच. ३ वाजता हाच आकडा ७,७०० होतो, अडीचपट. केएव्हीजी नगण्य असल्यामुळे होस्ट आणि क्यू डेप्थला दोष नाही.

रीड कॅशचा प्रश्न इथेच मिटतो. ३ वाजता १,४६० पैकी वाचन २१०, १४ टक्के. नव्या एसएसडींनी ते सगळं शून्य मिलिसेकंदांत दिलं तरी ८६ टक्के काम जिथे होतं तिथेच राहणार. शिवाय क्लोनची मूळ इमेज सगळ्यांची एकच. तिचे ब्लॉक आहेत त्या दोन एसएसडींत कधीच येऊन बसलेले असणार.

फाइल सर्व्हरचं दुखणं वेगळं. ॲरेचा उशीर ४१, गेस्टला दिसतो १२०. मधले ८० मिलिसेकंद एका कंट्रोलरच्या एका डिस्कच्या रांगेत जातायत. एलएसआयवर डिस्कमागे ३२ कमांड, पीव्हीएससीएसआयवर (व्हीएमवेअरचा आभासी कंट्रोलर) मूळ सेटिंगलाच ६४. एका व्हीएमला ४ कंट्रोलरपर्यंत जोडता येतात: सिस्टिमची डिस्क जुन्यावरच राहू द्या, बाकी ३ पीव्हीएससीएसआय, प्रत्येकावर २ टीबीची एक डिस्क. तीन शेअर करून माणसं एडी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी) ग्रुपने वाटून टाका. डेटाची डिस्क थेट नव्या कंट्रोलरला जोडू नका. आधी १ जीबीची रिकामी डिस्क पीव्हीएससीएसआयवर लावून विंडोज एकदा सुरू करा, ड्रायव्हर बसल्याची खात्री करा, मग पुढचं.

रॅम ६ जीबी करा, आणि मेमरी रिझर्व्हेशन (व्हीएमसाठी राखून ठेवलेली होस्टची रॅम) १०० टक्के. व्हीएमच्या स्वॅप फाइलचा आकार रॅम वजा रिझर्व्हेशन असतो. आत्ता रिझर्व्हेशन नसेल तर २०० गुणिले ४, म्हणजे ८०० जीबी जागा नुसती अडकून पडलीय.

चौथा_मजला

एफएसलॉजिक्स आणि पूलच्या बाजूने भर घालतो. यातलं बरंचसं फुकट आहे.

पूल २०० आणि माणसं १८०, म्हणजे ३ वाजता शिल्लक क्लोन २०. एकविसाव्या माणसाला कुणीतरी बाहेर पडून त्याचा क्लोन नव्याने तयार होईपर्यंत थांबावं लागतं. तुमच्या ४ मिनिटांत हा वेळही मिसळला असणार. पूल २४० करा, सगळी यंत्रं आधीच तयार आणि चालू ठेवा. २४० गुणिले ६ म्हणजे १,४४० जीबी. एक होस्ट बंद पडला तरी चौघांचे १,५३६ आहेत. याच्या वर जाऊ नका, हायपरवायझर आणि फाइल सर्व्हरलाही त्यातच बसायचंय.

मग उलट दिशेने: होरायझन कन्सोलमध्ये व्हीसेंटरच्या (सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) सेटिंगमध्ये इन्स्टंट क्लोन एकाच वेळी किती तयार करायचे त्याचा आकडा असतो, मुळात २०. तो ८ करा. विचित्र वाटेल, पण ६० क्लोन हाताशी असताना नव्यांची घाई नसते, आणि लेखनाचा सुळका पसरून टेकडी होते.

एफएसलॉजिक्सच्या २२१० आवृत्तीपासून लॉगऑफला व्हीएचडीएक्स (कंटेनरची फाइल) आक्रसण्याची सोय आली, आणि ती आपोआप चालू असते. जागा पुरेशी सुटणार असेल तरच ती काम करते, पण करते तेव्हा लॉगऑफ लांबतो आणि आयओ वाढतो. नेमकं ३ वाजता तेच नको. पॉलिसीने बंद करा. मात्र मग कंटेनर फुगत जातील, म्हणून महिन्यातून एकदा, पाळी नसताना, वापरात नसलेले कंटेनर स्क्रिप्टने आक्रसून घ्या.

अँटिव्हायरस. फाइल सर्व्हरवर व्हीएचडी, व्हीएचडीएक्स आणि त्यांच्या लॉक, मेटा, मेटाडेटा फाइली वगळल्यात का? नसतील तर आत चाललेल्या स्कॅनवर बाहेरून दुसरं स्कॅन. डेस्कटॉपच्या बाजूने: पूर्ण स्कॅन इमेज सील करायच्या आधी एकदाच, पूलमध्ये ठरलेल्या वेळेचं स्कॅन बंद. डिफेंडर असेल तर व्याख्या एकाच मशीनवर उलगडून शेअरवरून देण्याची व्हीडीआयसाठी वेगळी सोय आहे, ती लावा. नाहीतर इमेज महिनाभर जुनी असली की प्रत्येक नवा क्लोन तीच व्याख्या उतरवतो, तीच उलगडतो, आणि ८ तासांनी सगळं फेकून देतो.

आउटलुकचा कॅश मोड ठेवा, पण मर्यादा १ महिना. ओएसटी (आउटलुकची स्थानिक मेल फाइल) छोटी, कंटेनरही छोटा.

एक गोष्ट मुद्दाम करू नका: या प्रश्नावर एफएसलॉजिक्सच्या क्लाउड कॅशचा उतारा सुचवणारे भेटतील. तो प्रोफाइलची प्रत आधी क्लोनच्या स्थानिक डिस्कवर लिहितो आणि मग शेअरवर. तुमची क्लोनची डिस्क म्हणजे हाच ॲरे. तेच लेखन दोनदा होईल.

रॅकवाले_नाना

आता खरेदी. फ्लोटिंग क्लोनला सामायिक स्टोरेजची गरजच नाही. त्यात जपण्यासारखं काही नसतं. जे जपायचं ते कंटेनरमध्ये आहे. ॲरेच्या ४ एसएसडींचे पैसे होस्टमधल्या एनव्हीएमईला (वेगवान एसएसडीला) द्या. प्रत्येक होस्टमध्ये १.६ टीबीच्या २, प्रत्येकीचा वेगळा स्थानिक डेटास्टोअर.

जागा पुरते का? चार होस्टवर २४० म्हणजे एकावर ६०. क्लोनची वाढ प्रत्येकी १० जीबी धरली तर ६०० जीबी. प्रत्येक डेटास्टोअरवर इमेजची रेप्लिका (क्लोन जिच्यावर उभे राहतात ती प्रत), जुनी आणि नवी मिळून १००, दोन्हींवर २००. रिझर्व्हेशनमुळे स्वॅप शून्य. ८०० म्हणजे ३.२ टीबीत आरामात.

ॲरेवर मग फाइल सर्व्हर आणि किरकोळ सर्व्हर उरतील.

केबलकटकट

एनव्हीएमई घेताना ३ डीडब्ल्यूपीडीच्याच (रोज किती वेळा पूर्ण डिस्क लिहिता येते त्याचं माप) घ्या. व्हीडीआयचं लेखन बघता १ वाल्या वर्षभरात झिजतील.

पर्फमॉन

त्यांचेच आकडे घेऊ. ५२० लेखन, सरासरी १६ केबी धरलं तर सेकंदाला ८.३ एमबी. १६ तासांत साधारण ४८० जीबी, पाच होस्टवर वाटून ९६ जीबी. ३ वाजताचा अडथळा दूर झाल्यावर तिप्पट होईल म्हटलं तरी होस्टमागे ३०० जीबीच्या आत, आणि ते ३.२ टीबीवर. म्हणजे ०.१ डीडब्ल्यूपीडीच्या खाली. १ वाली मुबलक झाली. १६ हा माझा अंदाज; खरा आकडा हवा तर ईएसएक्सटॉपमधले एमबी राइट भागिले राइट्स.

तडजोड करायची नाही ती दुसरीकडे: पॉवर लॉस प्रोटेक्शन हवंच, आणि व्हीएमवेअरच्या (आता ब्रॉडकॉमच्या) कंपॅटिबिलिटी यादीत तेच मॉडेल, त्याच फर्मवेअरसह. दुकानातली लॅपटॉपची एनव्हीएमई पहिली काही मिनिटं वाऱ्यासारखी पळते, तिची आतली एसएलसी कॅश (वेगवान लेखनाची छोटी जागा) संपली की नानांच्या टाकीची गोष्ट पुन्हा सुरू.

बसवल्यावर डिस्कएसपीडीने (मायक्रोसॉफ्टचं डिस्क तपासायचं साधन) तपासा. ब्लॉक ८ केबी, रँडम, ८० टक्के लेखन, ४ थ्रेड, थ्रेडमागे ८ आयओ बाकी, सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर दोन्ही कॅशिंग बंद, लेटन्सीची नोंद चालू. फाइल ५० जीबीची, वेळ ३० मिनिटं. लिहायचा डेटा रँडम करायला सांगा; मुळात तो एकच नमुना पुन्हापुन्हा लिहितो, आणि डीडुप (सारखा डेटा एकदाच ठेवणं) किंवा कॉम्प्रेशन असलेल्या ॲरेवर त्यातून कौतुकास्पद पण खोटे आकडे येतात. एका व्हीएममधून नाही, होस्टवरच्या ४ व्हीएममधून एकदम.

रात्रपाळी

खूप आभार. प्रस्ताव बदलतोय. फुकटातल्या गोष्टी याच आठवड्यात करतो. एक शंका: क्लोन स्थानिक डिस्कवर गेले की होस्ट मेंटेनन्सला कसा घ्यायचा? व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) तर होणार नाही.

चौथा_मजला

नाही होणार, डीआरएसही (भार वाटायला व्हीएम आपोआप हलवणारी सोय) त्यांना हलवणार नाही. पण तुमच्याकडे रात्री ११ ते सकाळी ७ मोकळं आहे, तेव्हा करा. आधी पूलचं प्रोव्हिजनिंग थांबवा, त्या होस्टवरच्या मशीनना होरायझनमधून मेंटेनन्स मोडमध्ये टाका म्हणजे नवीन कुणी त्यावर येणार नाही, उरलेली सेशन लॉगऑफ करा, ती मशीन काढून टाका, मग होस्ट मेंटेनन्सला. परत आल्यावर प्रोव्हिजनिंग चालू केलं की ६ वाजेपर्यंत क्लोन भरतात. एकावेळी एकच होस्ट. दिवसा होस्ट अचानक गेला तर त्यावरच्यांची सेशन तुटतील, पुन्हा लॉगिन केल्यावर दुसऱ्या होस्टवर उघडतील. न जतन केलेलं काम जाईल.

रॅकवाले_नाना

आणि फाइल सर्व्हर चुकूनही स्थानिक डिस्कवर नेऊ नका. तो ॲरेवर, हाय अव्हेलेबिलिटीसह (होस्ट गेला तर दुसऱ्यावर आपोआप सुरू होण्याची सोय). एनव्हीएमई बसल्यावर नेमका तोच मोह होतो.

पर्फमॉन

फुकटातले बदल एकाच दिवशी सगळे करू नका. आधी फाइल सर्व्हरचा कंट्रोलर, दोन दिवस मोजा. मग रॅम, पुन्हा दोन दिवस. ३:०५ ते ३:२५ हीच खिडकी ठेवा, आणि सरासरीबरोबर ९५ वा पर्सेंटाइलही (९५ टक्के नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा) काढा. सरासरी ४१ वरून २० वर आली आणि ९५ वा जिथे होता तिथेच राहिला, तर तक्रारी तेवढ्याच येतील.